एक सर्व्हर, बारा प्रकल्प

कंटिन्युअस इंटिग्रेशनची व्याख्या आता बहुतेकांना पाठ असते. टीममधल्या प्रत्येकाने आपला कोड रोज, जमल्यास दिवसातून अनेकदा, एका सामाईक रिपॉझिटरीत आणून मिसळायचा. तो प्रत्येक वेळी आपोआप बिल्ड व्हायचा, त्यावर टेस्ट चालायच्या आणि काही बिघडलं असेल तर ते लगेच कळायचं. हे सगळं सांभाळणारा संगणक म्हणजे सीआय सर्व्हर. प्रॅक्टिकलला आपण जेनकिन्स बसवतो, एक जॉब तयार करतो, 'बिल्ड नाऊ' दाबतो, हिरवी खूण आली की स्क्रीनशॉट काढून जर्नलला लावतो. गुण मिळतात, सही होते, विषय संपतो.

माझं मत असं की ह्या प्रॅक्टिकलमध्ये सीआय सर्व्हर शिकवलाच जात नाही. एकच प्रकल्प बिल्ड करायचा असेल तर दहा ओळींची स्क्रिप्टसुद्धा पुरते, त्यासाठी सर्व्हर कशाला हवा? सर्व्हरची गरज आणि सर्व्हरची डोकेदुखी ह्या दोन्ही गोष्टी दुसरा प्रकल्प आला की सुरू होतात. नोकरीला लागल्यावर तुम्हाला जो सर्व्हर भेटेल त्यावर पंधरा, पन्नास, कधी कधी शेकडो प्रकल्प आधीपासून नांदत असतील. त्या घरात नवं माणूस म्हणून कसं राहायचं, हे एका जॉबच्या स्क्रीनशॉटमधून कसं कळणार?

एक उदाहरण घेऊ आणि शेवटपर्यंत तेच धरून चालू. समजा, शेवटच्या वर्षाचे बारा गट आहेत. कुणाचं कँटीनच्या ऑर्डरचं अँड्रॉइड अ‍ॅप आहे, कुणाची ग्रंथालयाची जावा वेबसाइट आहे, कुणी पायथॉनमध्ये हजेरीची प्रणाली करतंय, कुणी नोडमध्ये वेळापत्रक. लॅबमध्ये एक बऱ्यापैकी संगणक मोकळा आहे, आठ जीबी रॅमचा. त्यावर जेनकिन्स बसवलं. आता बाराही गटांना त्यावर सामावून घ्यायचं आहे.

पहिल्या दिवशी सगळे काय करतात? पहिल्या गटाचा जॉब ब्राउझरमध्ये क्लिक करत करत बनवतात. मग जेनकिन्समध्ये नवा जॉब करताना जुन्या जॉबची नक्कल करायची सोय असते, ती वापरून आणखी अकरा जॉब तयार करतात. फक्त रिपॉझिटरीचा पत्ता बदलायचा. अर्ध्या तासात काम फत्ते! दिसायला छान दिसतं. पण आतमध्ये काय झालं बघा. जेनकिन्सच्या मुख्य फोल्डरमध्ये 'जॉब्स' नावाचं एक फोल्डर असतं, त्यात प्रत्येक जॉबचं वेगळं फोल्डर आणि प्रत्येकात एक कॉन्फिग डॉट एक्सएमएल फाइल. म्हणजे आता सारख्याच मजकुराच्या बारा फाइल्स झाल्या आणि त्या फक्त त्या एका संगणकावर आहेत. उद्या टेस्टचा रिपोर्ट ठेवायची जागा बदलायची म्हटली तर बारा वेळा क्लिक करायचं. आठवा जॉब राहून गेला तर तो राहून गेलाय हे महिनाभर कुणाला कळतही नाही. आणि एखाद्याने मधेच जाऊन टेस्टची पायरीच काढून टाकली तर? कोणी काढली, कधी काढली, का काढली, ह्याची नोंद साध्या जेनकिन्समध्ये मिळत नाही. त्यासाठी वेगळं प्लगइन बसवावं लागतं.

ही अडचण नवी नाही. २००१ साली थॉटवर्क्स कंपनीतून क्रूझकंट्रोल नावाचा सीआय सर्व्हर बाहेर आला. त्यात सगळे प्रकल्प एका कॉन्फिग फाइलमध्ये लिहायची पद्धत होती. एक टॅग बंद करायचा राहिला की प्रश्न एका प्रकल्पापुरता उरत नसे. पुढे सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणाऱ्या कोसुके कावागुची यांनी २००४ मध्ये हडसन लिहायला घेतलं आणि ब्राउझरमधून जॉब बनवायची सोय दिली, त्यामुळे ते भराभर पसरलं. सन कंपनी ओरॅकलने विकत घेतल्यावर नावावरून वाद झाला आणि २०११ साली तोच प्रकल्प जेनकिन्स ह्या नावाने पुढे निघाला. २०१६ च्या एप्रिलमध्ये जेनकिन्सची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात पाइपलाइन ही मुख्य गोष्ट झाली: बिल्डच्या पायऱ्या जेनकिन्सफाइल नावाच्या फाइलमध्ये लिहायच्या आणि ती फाइल प्रकल्पाच्या कोडसोबत रिपॉझिटरीत ठेवायची.

मला विचाराल तर अनेक प्रकल्पांच्या कॉन्फिगरेशनमधला निम्मा प्रश्न इथेच सुटतो. कँटीनच्या अ‍ॅपचं बिल्ड कसं करायचं हे कँटीनच्या गटाला माहीत असतं. लॅब असिस्टंटला नव्हे, सरांनाही नव्हे. मग ते लिहून ठेवायची जागा त्यांची रिपॉझिटरी. सर्व्हरला फक्त एवढं सांगायचं की ह्या पत्त्यावर जा, जेनकिन्सफाइल शोध आणि त्यात लिहिलंय तसं कर. मल्टिब्रँच पाइपलाइन घेतली तर सर्व्हर त्या रिपॉझिटरीतली प्रत्येक ब्रँच स्वतः शोधतो आणि जिच्यात जेनकिन्सफाइल आहे तिचा जॉब आपोआप तयार करतो. ब्रँच काढून टाकली की जॉबही जातो. टेस्टची पायरी कुणी काढलीच तर ते कमिटमध्ये दिसतं, नावानिशी आणि तारखेनिशी. सर्व्हरचा संगणक उद्या जळाला तरी बारा गटांच्या पायऱ्या बारा रिपॉझिटरींत शाबूत राहतात.

आता ह्यावर हुशार विद्यार्थी म्हणतील, "सर, बाराही जेनकिन्सफाइलमध्ये त्याच चाळीस ओळी येणार, मग त्या एका सामाईक लायब्ररीत का नको?" जेनकिन्समध्ये तशी शेअर्ड लायब्ररीची सोय आहे आणि ती चांगलीही आहे. पण इथे मी जरा जुन्या वळणाचा आहे. सामाईक लायब्ररीत एक चूक झाली की बाराच्या बारा बिल्ड एका क्षणी लाल होतात, आणि सबमिशनच्या आदल्या रात्री ते झालं तर तो माणूस लॅबमध्ये तोंड दाखवू शकत नाही. म्हणून तीन प्रकल्पांत तोच मजकूर खरोखर आलाय असं दिसेपर्यंत सामाईक करायची घाई नको. आणि केलंच तर प्रत्येक जेनकिन्सफाइलने लायब्ररीची ठरावीक आवृत्ती नाव घेऊन मागावी, 'जी ताजी असेल ती दे' असं म्हणू नये. थोडी पुनरुक्ती चालते. बारा जणांनी एकत्र बुडणं चालत नाही.

पुढचा भाग जागेचा आणि वेळेचा. तो मी भराभर सांगतो, कारण त्यात मतभेदाला फारशी जागा नाही.

नवीन बसवलेल्या जेनकिन्सवर दोन एक्झिक्युटर असतात, म्हणजे एका वेळी दोन बिल्ड चालतात आणि बाकीचे रांगेत थांबतात. एखाद्या गटाची टेस्ट अनंत लूपमध्ये अडकली तर एक एक्झिक्युटर गेला. दोघांच्या अडकल्या तर अख्खा वर्ग थांबला. "सर, आमचं बिल्ड का सुरूच होत नाही?" ह्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा दुसऱ्याच गटाच्या कोडमध्ये सापडतं. म्हणून प्रत्येक जेनकिन्सफाइलमध्ये टाइमआउट लिहिलेला असलाच पाहिजे, आणि एकाच प्रकल्पाची दोन बिल्ड एकाच वेळी चालू नयेत हेही. बिल्ड दहा मिनिटांत आटपावं असा एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंगवाल्यांचा जुना दंडक आहे. सामाईक सर्व्हरवर मी तो शेजारधर्म समजतो.

रिपॉझिटरीत बदल झाला हे सर्व्हरला कळवायचे दोन मार्ग. गिटहबने सर्व्हरला हाक मारायची, म्हणजे वेबहूक. किंवा सर्व्हरने ठरावीक वेळाने जाऊन बघायचं, म्हणजे पोलिंग. पुस्तकं वेबहूक चांगला म्हणतात आणि ते खरंही आहे, पण कॉलेजच्या आतल्या नेटवर्कमध्ये बसलेल्या संगणकापर्यंत बाहेरून हाक पोचतच नाही. त्यामुळे आपल्याकडे पोलिंग. मग सगळे वेळ लिहितात 'दर पंधरा मिनिटांनी', म्हणजे शून्य, पंधरा, तीस, पंचेचाळीस. आणि बाराही प्रकल्प त्याच मिनिटाला उठतात. जेनकिन्सने ह्यासाठी वेळेच्या जागी 'एच' हे अक्षर लिहायची सोय ठेवली आहे. जॉबच्या नावावरून तो प्रत्येकाला वेगळा पण कायम तोच मिनिट देतो. एका अक्षराने गर्दी पांगते, आणि हे अक्षर एका जॉबच्या प्रॅक्टिकलमध्ये कधीच भेटत नाही!

डिस्कचा हिशोब तर सातवीच्या गणितातला आहे. बारा गट, दिवसाला वीस बिल्ड, प्रत्येक बिल्डमागे पन्नास एमबीची फाइल जपून ठेवली तर दिवसाला २४० गुणिले ५० म्हणजे १२,००० एमबी. बारा जीबी! आठवडाभरात साठ-सत्तर. मोकळी जागा एक जीबीच्या खाली गेली की जेनकिन्स मूळच्या सेटिंगनुसार ते यंत्र ऑफलाइन करून टाकतो, मग सगळ्यांचंच काम बंद. शेवटची दहाच बिल्ड ठेवायची, ही एक ओळ प्रत्येक जेनकिन्सफाइलमध्ये हवी.

एका प्रकल्पाला जावा ८ हवं आणि दुसऱ्याला १७, हा प्रश्नही येतोच. जेनकिन्सच्या सेटिंगमध्ये दोन्ही आवृत्त्या वेगवेगळ्या नावांनी नोंदवता येतात आणि जेनकिन्सफाइल हवं ते नाव मागू शकते. त्याहून बरं म्हणजे बिल्ड डॉकरच्या डब्यात चालवणं, म्हणजे ज्याचा संसार त्याच्यासोबत. फक्त आठ जीबी रॅममध्ये किती डबे मावतील ह्याचं भान ठेवा. अँड्रॉइडचं एकच बिल्ड त्यातली बरीच रॅम खाऊन बसतं.

प्रकल्पांची साखळी लावावी का, हा मात्र वादाचा मुद्दा आहे. समजा, तीन गट मिळून लॉगिनचं एक मॉड्यूल वापरतात. त्याचं बिल्ड पास झालं की तिघांची बिल्ड सुरू व्हावीत, असं जेनकिन्समध्ये सांगता येतं. ही सोय हाताशी आली की लोक प्रत्येक प्रकल्पाला पुढच्या प्रकल्पाच्या शेपटीला बांधतात आणि आगगाडी तयार होते. मग चौथ्या डब्यात बिघाड झाला की पाचव्यापासून बाराव्यापर्यंत कुणाचंच बिल्ड होत नाही, आणि त्यांचा ह्यात काही दोष नसतो. माझं मत: खरोखर एकाचा कोड दुसऱ्यात जात असेल तिथेच साखळी, आणि तिथेही पहिलं बिल्ड पास झालं तरच दुसरं सुरू. कोणत्या बिल्डमध्ये लॉगिनची नेमकी कोणती जार फाइल गेली होती हे जाणून घ्यायला जेनकिन्सचं फिंगरप्रिंट वापरा. तो फाइलचा एमडी५ ठसा जपून ठेवतो, म्हणजे 'आमच्याकडे तर चालत होतं' ह्या भांडणाचा निकाल पाच मिनिटांत लागतो.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला तो भाग. चाव्या.

कँटीनच्या गटाला अ‍ॅपवर सही करायची की लागते. ग्रंथालयाच्या गटाला डेटाबेसचा पासवर्ड लागतो. कुणाकडे गिटहबचा टोकन, कुणाकडे क्लाउडच्या खात्याचा. बिल्ड आपोआप व्हायचं तर हे सगळं सर्व्हरकडे द्यावं लागतं. म्हणजे बारा घरांच्या किल्ल्या एका वॉचमनच्या खिशात. जेनकिन्समध्ये क्रेडेन्शियल साठवताना पहिला पर्याय समोर येतो तो ग्लोबल, आणि घाईत सगळे तोच घेतात. ग्लोबल म्हणजे ह्या सर्व्हरवरच्या कुठल्याही प्रकल्पाला ती चावी नाव घेऊन मागता येते. आणि मघाशी आपण काय ठरवलं? जेनकिन्सफाइल प्रत्येक गटाने आपली आपण लिहायची. म्हणजे सातव्या गटाने आपल्या जेनकिन्सफाइलमध्ये तिसऱ्या गटाच्या चावीचं नाव लिहिलं तर सर्व्हर ती मुकाट्याने देतो. कन्सोलमध्ये पासवर्ड चांदण्यांनी झाकलेला दिसतो म्हणून काही जण निर्धास्त असतात. पण ते झाकणं नुसतं अक्षरं जुळवून केलेलं असतं. पासवर्ड उलटा करून छापला तरी झाकण उडतं.

उपाय आहे. प्रत्येक गटाला जेनकिन्समध्ये स्वतंत्र फोल्डर द्यायचं आणि चावी त्या फोल्डरमध्ये ठेवायची. मग ती त्या फोल्डरमधल्या जॉबनाच मिळते. सोबत परवानग्याही बघायच्या: जेनकिन्स बसवल्यावर 'लॉगिन केलेल्या कुणालाही सगळं करता येईल' अशी मूळ व्यवस्था असते. अठ्ठेचाळीस विद्यार्थ्यांसाठी ती ठेवणं म्हणजे अठ्ठेचाळीस अ‍ॅडमिन.

एवढं करूनही एक भगदाड राहतं, आणि बहुतेक नोट्समध्ये ते येत नाही. बिल्ड ज्या संगणकावर चालतं तोच जर जेनकिन्सचा मुख्य संगणक असेल, तर बिल्डमधली प्रत्येक आज्ञा जेनकिन्सच्याच हक्काने चालते. टेस्टच्या नावाखाली एखादी स्क्रिप्ट जेनकिन्सच्या मुख्य फोल्डरमध्ये डोकावू शकते, आणि साठवलेल्या चाव्या व त्या उघडायची गुप्त की दोन्ही तिथेच असतात. फोल्डरच्या भिंती कागदी ठरतात. म्हणून जेनकिन्सचं अधिकृत मार्गदर्शनच सांगतं की मुख्य संगणकावरचे एक्झिक्युटर शून्य करा आणि बिल्ड वेगळ्या एजंटवर चालवा. लॅबमध्ये दुसरा एक जुना संगणक एजंट म्हणून जोडला तरी काम होतं. नवीन यंत्र घ्यायलाच हवं असं नाही, पण ही वाटणी हवीच. 'आपल्याकडे एवढं कोण करणार' हे वाक्य मी शिक्षकांच्या तोंडून बऱ्याचदा ऐकतो. त्यांना मी खालची घटना सांगतो.

३१ जुलै २०२४ रोजी एनपीसीआयने सी-एज टेक्नॉलॉजीज ह्या कंपनीला आपल्या पेमेंट व्यवस्थेपासून तात्पुरतं वेगळं केलं. ही कंपनी मुख्यतः सहकारी आणि ग्रामीण बँकांना संगणक यंत्रणा पुरवते. रॅन्समवेअरचा हल्ला झाल्याचा संशय होता. देशभरातल्या सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचे यूपीआयसारखे व्यवहार त्यामुळे थांबले. पुढे क्लाउडसेक ह्या सायबर सुरक्षा कंपनीने आपल्या विश्लेषणात म्हटलं की हल्लेखोर शिरले ते सी-एजशी जोडलेल्या दुसऱ्या एका कंपनीच्या जेनकिन्स सर्व्हरमधून, आणि तो नीट कॉन्फिगर केलेला नव्हता. ज्या त्रुटीचा उल्लेख त्यांनी केला, तिच्यामुळे सर्व्हरवरच्या फाइल्स बाहेरून वाचता येत होत्या. ती दुरुस्त करणारी जेनकिन्सची आवृत्ती जानेवारी २०२४ मध्येच आलेली होती.

सहकारी बँक म्हटलं की आपल्यापैकी कित्येकांच्या डोळ्यांसमोर आजोबांचं पासबुक येतं. दुधाचे, उसाचे पैसे जिथे जमा होतात ती बँक. तिचा व्यवहार थांबायला कारण ठरतो तो कुठल्यातरी खोलीतला, बिल्ड करणारा एक सर्व्हर! तो बसवणाऱ्याने कधीतरी आपल्यासारखंच प्रॅक्टिकल केलं असेल. हिरवी खूण आली असेल, स्क्रीनशॉट काढला असेल. सर्व्हर चालतो का, हे त्याला तपासायला शिकवलं. तो उघडा आहे का, आणि उघडा असेल तर आत कुणाकुणाच्या चाव्या आहेत, हे कुणी विचारलं नसावं.

म्हणून माझी सूचना अभ्यासक्रम वाढवण्याची नाही, आहे त्या दोन तासांचं प्रॅक्टिकल बदलण्याची आहे. एका गटाला एक सर्व्हर देऊ नका. दोन गटांना एकाच सर्व्हरवर बसवा. दोन वेगळ्या भाषांचे प्रकल्प द्या आणि दोघांकडे एक-एक खोटा पासवर्ड द्या. पहिल्या तासात दोघांनी आपापलं बिल्ड हिरवं करून दाखवायचं. दुसऱ्या तासात प्रत्येक गटाने दुसऱ्याचा पासवर्ड मिळवायचा, त्याचं बिल्ड अडवायचा आणि डिस्क भरायचा प्रयत्न करायचा, फक्त आपली जेनकिन्सफाइल बदलून. (हे लॅबच्या त्या संगणकापुरतं, सरांच्या किंवा मॅडमच्या देखत. बाहेर कुठे करून बघाल तर तो आयटी कायद्याखाली गुन्हा आहे.) जो गट टिकला त्याला पूर्ण गुण. जो टिकला नाही त्याने कुठलं सेटिंग राहिलं होतं ते शोधून जर्नलमध्ये लिहायचं, त्यालाही पूर्ण गुण.

तोंडी परीक्षेचे प्रश्नही मग वेगळे होतात. 'कंटिन्युअस इंटिग्रेशन म्हणजे काय' ऐवजी विचारता येईल: ह्या सर्व्हरवर कुणाकुणाच्या चाव्या आहेत आणि त्या कुणाकुणाला मागता येतात? शेजारच्या गटाचं बिल्ड अडकलं तर तुझं किती वेळ थांबेल? मुख्य संगणकावर एक्झिक्युटर किती आहेत आणि तेवढेच का? जेनकिन्स शेवटचं अपडेट कधी केलं? ह्यातलं एकही उत्तर पाठ करून देता येत नाही, त्यासाठी सर्व्हरसमोर बसावंच लागतं.